वाचक विचारतात : तळं गोठलं तरच गुहा

मागच्या अंकात अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या बर्फगुहांचं छायाचित्र छापलं होतं. त्यावर इतके प्रश्न आले की हे सदर या वेळी त्यांनाच दिलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगी मिनियापोलिसला असते. फेब्रुवारीत आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. बर्फगुहा बघण्यासाठी कोणत्या तारखेचं बुकिंग करावं? (धरमपेठ)

बुकिंग होत नाही, आणि तारीख आधी सांगणारा कोणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. या गुहा विस्कॉन्सिन राज्यातल्या ‘अपॉसल आयलंड्स नॅशनल लेकशोअर’ या संरक्षित किनाऱ्यावर आहेत. त्यांच्यापर्यंत जमिनीवरून वाट नाही, गोठलेल्या तळ्यावरूनच चालत जावं लागतं. तळं नीट गोठलं आणि उद्यानाच्या रेंजर मंडळींनी बर्फ तपासून परवानगी दिली, तर गुहा ‘उघडल्या’. नाहीतर नाही.

हिशोब बघा. २००९ नंतर थेट २०१४ मध्ये त्या उघडल्या. त्या वर्षी १५ जानेवारी ते १६ मार्च असे दोन महिने मिळाले आणि सुमारे १ लाख ३८ हजार लोक येऊन गेले. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, २८ फेब्रुवारी ते ८ मार्च असे फक्त नऊ दिवस मिळाले. त्यानंतर सलग कित्येक हिवाळे एकही दिवस नाही.

थंडी कमी पडते एवढंच याचं कारण नाही. सुपीरियर म्हणजे काही नागपूरचा फुटाळा तलाव नव्हे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे विदर्भातून यवतमाळ जिल्हा वगळला तर जेवढं उरेल साधारण तेवढं. खोली जास्तीत जास्त ४०६ मीटर. एवढं पाणी उन्हाळ्यातली उष्णता पोटात धरून बसतं आणि ती सोडायला त्याला महिनोन् महिने लागतात. वरचा थर गोठायला लागला की वारा तो फोडतो, ढकलतो, पुन्हा मोकळं पाणी उघडं पडतं. त्यामुळे आठवडाभर कडाक्याची थंडी पडून भागत नाही, थंडी आणि वाऱ्याची शांतता दोन्ही लागतात. २०१४ मध्ये त्या भागातल्या पाचही महासरोवरांचा मिळून ९२ टक्क्यांहून जास्त पृष्ठभाग बर्फाखाली गेला होता. असे हिवाळे विरळा.

म्हणून सहल मुलीसाठी करा, गुहा हा वरचा लाभ समजा. तिकडे पोचल्यावर उद्यानाच्या संकेतस्थळावर रोज सकाळी बर्फाची स्थिती बघा. उघडल्याची बातमी आली की दोन-तीन दिवसांत निघा, आणि शनिवार-रविवार टाळा. २०१४ मध्ये १३ क्रमांकाच्या महामार्गावर गाड्यांची रांग काही मैल लांब लागायची, म्हणजे गाडीपासून तळ्यापर्यंतच पायपीट. मिनियापोलिसहून बेफील्ड गावापर्यंत गाडीने साडेतीन-चार तास लागतात. चालायला सुरुवात होते मायर्स बीचवरून. हे ठिकाण बेफील्डच्या पश्चिमेला, कॉर्नुकोपिया नावाच्या वस्तीजवळ आहे.

गुहा बंदच राहिल्या तर एवढ्या लांब जाऊन हात हलवत परत यायचं का? (धरमपेठेच्याच वाचकांचा पुढचा प्रश्न)

मुळीच नाही. मायर्स बीचवरून कड्याच्या माथ्याने एक पायवाट जाते. सुमारे तीन किलोमीटरवर पहिल्या गुहा वरून दिसतात. कठड्याजवळ जाऊ नका, तिथे बर्फाखाली निसरडी माती असते.

पण आमची खरी शिफारस वेगळी आहे : मिशिगन राज्यात, मार्क्वेट आणि म्युनिसिंग या गावांच्या मधे, एबन जंक्शनजवळ एक दरी आहे. तिच्या कपारीवरून झिरपणारं पाणी थेंबाथेंबाने गोठतं आणि दगडापुढे बर्फाचा पडदा तयार होतो. पडदा आणि दगड यांच्या मधल्या पोकळीत माणूस शिरू शकतो. इथे तळं गोठण्याशी संबंध नाही, त्यामुळे बहुतेक हिवाळ्यांत या बर्फगुहा तयार होतात. वाट एका शेतातून सुरू होते आणि दीड किलोमीटरच्या आत संपते, मात्र शेवटचा चढ घसरडा आहे. बेफील्डहून गाडीने चारेक तास धरा. म्युनिसिंगजवळच ‘पिक्चर्ड रॉक्स’ हा आणखी एक संरक्षित किनारा आहे आणि तिथल्या कड्यांवरही बर्फाचे खांब उभे राहतात. सुपीरियरच्या गुहांचं नाव मोठं आहे हे मान्य, पण नागपूरहून एकदाच जाणाऱ्या माणसाने आधी एबन गाठावं.

बेफील्डला थांबलात तर समोरचं मॅडलिन बेट बघा. हिवाळ्यात मधली तीनेक किलोमीटरची खाडी पुरेशी गोठली की तिच्यावरून चक्क मोटारी जातात, आणि या बर्फरस्त्याची कड दाखवायला नाताळ उलटल्यावर टाकून दिलेली झाडं रोवलेली असतात. बर्फ कच्चा असला की फेरीबोट चालते.

या गुहा पूर्ण बर्फाच्या असतात का? आणि फोटोत बर्फ निळा, पिवळा कसा दिसतो? (महाल)

गुहा दगडाच्या, सजावट बर्फाची. तिथला वालुकाश्म सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याचे थर पानांसारखे पातळ आहेत. लाटांनी खालचे मऊ थर कोरले, फटींत शिरलेलं पाणी गोठून फुगलं आणि दगड निखळत गेला. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते ते याचमुळे. अशा कमानी आणि खोल्या बनत गेल्या.

बर्फ दोन वाटांनी येतो. वरच्या जंगलातून झिरपणारं पाणी कड्यावरून उतरताना गोठतं आणि छताला झुंबरं लागतात, खांब उभे राहतात. दुसरी वाट लाटांची : तळं गोठण्याआधी वादळात उडालेले तुषार भिंतीवर थरावर थर चढवतात. गुहेच्या आतल्या छतावर कधीकधी पिसांसारखे नाजूक स्फटिक दिसतात, ते हवेतल्या बाष्पापासून थेट बनलेले असतात. त्यांना बोट लावलंत की ते संपले.

रंगाचं गणित सोपं आहे. जाड, बुडबुडे नसलेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो आणि निळा उरतो. हवेचे बुडबुडे भरपूर असले की तो पांढरा दिसतो. पिवळट-तपकिरी छटा झिरपत्या पाण्याबरोबर आलेल्या लोहाच्या आणि मातीच्या.

उणे १५ अंशांत नागपूरच्या माणसाने घालायचं तरी काय? आमच्याकडे स्वेटर आणि कानटोपी आहे. (मानेवाडा)

नागपूरचा आजवरचा नीचांक ३.५ अंशांचा, २०१८ च्या डिसेंबरअखेरचा. त्या आठवड्यात आपण जे जे कपाटातून काढलं होतं ते सगळं एकावर एक चढवून निघायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. तो चुकीचा आहे.

पहिली गोष्ट सुती बनियन घरी ठेवा. कूलर कसा चालतो ते आपल्याला शिकवायला नको : ओली ताटी, तिच्यातून वारा, आणि बाष्पीभवनाने थंडावा. बर्फावर दोन किलोमीटर चाललात की घाम येतोच. सुती बनियन तो पिऊन ओली राहते आणि थांबलात की अंगावर कूलर बांधल्यासारखं होतं. सुती मोजे आणि जीन्सचंही तेच. अंगालगत पातळ मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं किंवा कृत्रिम भरणाचं जाकीट, आणि सगळ्यांवर वारा अडवणारा पातळ कोट. चालायला लागताना किंचित थंडी वाजली पाहिजे. दहा मिनिटांत ती जाते. सुरुवातीलाच ऊब वाटत असेल तर एक थर काढून पिशवीत टाका आणि थांबल्यावर चढवा.

खरी अडचण वाऱ्याची. हवा उणे १५ आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते उणे २६ सारखं लागतं. ‘लागतं’ तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघड्या गालाला, नाकाला, कानाच्या पाळीला दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. त्याची खूण म्हणजे पांढरट, मेणासारखा, बधिर डाग. तो स्वतःला दिसत नाही, म्हणून जोडीने एकमेकांचे चेहरे दर दहा मिनिटांनी बघा. डाग दिसला तर चोळू नका, बर्फ तर अजिबात लावू नका. उबदार तळहात ठेवा आणि आडोशाला जा. आपली माकडटोपी इथे हसण्यावारी नेऊ नका, तिने मान, कान आणि हनुवटी एकदम झाकली जाते. फक्त ती सुती नको.

पायांकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. बूट एक नंबर मोठा घ्या, आत नमद्याचं अस्तर असलेला. एक पातळ मोजा, एक लोकरीचा जाड, बस. तीन मोजे कोंबले की बूट आवळतो, रक्त पोचत नाही आणि बोटं उलट लवकर गारठतात. बुटांखाली काटेरी साखळी, म्हणजे मायक्रोस्पाइक, हवीच. सुमारे सेंटीमीटरभर लांबीचे पोलादी दात असलेली, रबराच्या पट्ट्याने बुटावर चढणारी. अशा ठिकाणी माणूस पाण्यात बुडण्यापेक्षा घसरून मनगट किंवा घोटा मोडून घेण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

हातमोजे दोन थरांचे : आत पातळ, बाहेर चारही बोटं एकत्र राहणारे. हात गरम ठेवायच्या पुड्या मिळतात. त्यांना हवा लागते, म्हणून घट्ट बुटात त्या थंडच पडतात. कातडीला थेट लावू नका, भाजतं. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, तेव्हा गडद चष्मा लागेल. साडीबद्दल दोन भगिनींनी विचारलं आहे. नको. ओला काठ गोठून पत्र्यासारखा ताठ होतो आणि काट्यांत अडकतो.

बर्फ आपलं वजन पेलेल की नाही, हे कसं ओळखायचं? (वर्धा)

लहान तळ्यासाठी प्रचलित ठोकताळा असा : ताजा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ किमान १० सेंटीमीटर जाड असेल तर एका माणसाने चालावं. पांढरा, दुधाळ बर्फ त्याच्या निम्माच मजबूत, म्हणून तिथे २० सेंटीमीटर धरा. तपासायला गिरमिटाने भोक पाडून मोजपट्टी आत घालतात, आणि तेही एकदाच नाही, दर ४०-५० मीटरला. पुढे चालणारा पहारीने ठोकत जातो. पहार एका घावात आरपार गेली तर आल्या पावलांनी मागे.

सुपीरियरवर मात्र नुसती जाडी बघून भागत नाही, आणि इथेच जाणकारही फसतात. तीस सेंटीमीटरचा बर्फही किनाऱ्याशी जखडलेला नसेल तर तो नुसता तराफा. जमिनीकडून तळ्याकडे वारा सुटला की तो अख्खा तुटून माणसांसकट आत सरकतो. म्हणून रेंजर जाडीबरोबर आणखी गोष्टी बघतात : बर्फ किती दूरपर्यंत सलग आहे, त्याच्या पलीकडे उघडं पाणी किती जवळ आहे, येत्या दिवसांत वारा कुठून आणि किती जोराचा आहे. दूरवर उघडं पाणी असलं की तिथल्या लाटा बर्फाखालून येतात आणि चादर आतून वाकवून फोडतात. सकाळी पक्का असलेला बर्फ काही तासांत फुटू शकतो. गुहा ‘बंद’ असतानाही पुढे कोणाच्या पावलांच्या खुणा दिसल्या, तर ती परवानगी समजू नये. ती माणसं काल गेली होती.

दुसरं, कड्याला लागून असलेली फट. वारा आणि हवेचा दाब बदलला की परातीत पाणी हिंदकळावं तसं सरोवराचं पाणी एका काठाला चढतं, दुसऱ्याला उतरतं. बर्फाची चादर त्याबरोबर वरखाली होते, दगड हलत नाही, आणि दोघांच्या सांध्यावर बर्फ सतत मोडतो. नेमक्या त्याच ठिकाणी सगळ्यांना आत शिरायचं असतं. तिथे पाणी वर आलेलं दिसलं, किंवा ओला करडा पट्टा दिसला, तर ती गुहा सोडून पुढची बघा. झिरा किंवा ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथेही बर्फ पातळ असतो.

बर्फ गडगडतो, कडाडतो. तेवढ्याने घाबरू नका, तापमान बदललं की तो आकुंचन-प्रसरण पावताना असा बोलतोच. पायाखाली लवतो आहे असं वाटलं तर मात्र परत फिरा.

वरूनही धोका आहे. लोंबत्या सुळक्यांतले काही अनेक क्विंटलांचे असतात. पारा शून्याच्या वर गेला किंवा दुपारचं ऊन कड्यावर आलं की ते सुटतात. खाली उभं राहून फोटो काढू नये, आणि काठीने पाडायचा खेळ तर नकोच.

समजा, कोणी पाण्यात पडलंच तर? (प्रतापनगर)

तिकडे ‘एक-दहा-एक’ असा नियम शिकवतात. पहिलं एक मिनिट धाप लागते. या मिनिटात डोकं पाण्यावर ठेवून श्वास सावरायचा, बाकी काही करायचं नाही. पुढची सुमारे दहा मिनिटं हातपाय ऐकतात, बाहेर पडायचं ते त्यातच. बेशुद्धी यायला साधारण तासभर लागतो, म्हणून धीर सोडण्याचं कारण नाही.

ज्या दिशेने आलात तिकडेच तोंड करा, कारण तिथल्या बर्फाने नुकतंच तुमचं वजन पेललेलं असतं. हात बर्फावर पसरा, पोहताना मारतो तसे पाय मारून अंग आडवं करा आणि पोटावर सरकत वर या. गळ्यात दोरीने अडकवलेले दोन अणकुचीदार टोचे, म्हणजे आइस पिक, असतील तर ते बर्फात रोवून ओढून घेता येतं. नुसते ओले हातमोजे घसरतात. वर आल्यावर उभे राहू नका, वजन पसरून लोळत दूर जा.

सोबत्यांनी भगदाडाच्या काठावर धावून जाऊ नये. आडवं पडून दोरी, काठी, मफलर जे असेल ते फेकावं. यासाठीच बर्फावर चालताना दोघांत चार-पाच मीटर अंतर ठेवतात आणि किमान १५ मीटर दोरी जवळ बाळगतात. माणूस बाहेर आला की ओले कपडे लगेच काढा, कोरडे चढवा, शुद्धीत असेल तर गरम गोड पाणी द्या. दारू नाही.

वय ६४, गुडघे कुरकुरतात. झेपेल का? (भंडारा)

जाऊन-येऊन किमान तीन किलोमीटर, गुहांच्या कडेने हिंडलात तर पाच-सहा. चढ नाही, पण उंचसखल बर्फ आहे. अंबाझरी तलावाच्या काठाने तासभर न थांबता चालता येत असेल तर दोन काठ्या आणि मायक्रोस्पाइक घेऊन झेपेल. उताऱ्याला पायऱ्या आहेत, त्यांवर बर्फ असतो.

अमेरिका परवडणार नाही. भारतात असं काही बघायला मिळेल? (सदर)

तळ्याकाठच्या अशा गुहा नाहीत, पण गोठलेल्या पाण्याचं दर्शन नक्की आहे. सगळ्यांत सोपं म्हणजे काश्मीरमधल्या टंगमर्गजवळचा द्रुंग धबधबा. चिल्ला-ए-कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, हा त्याचा मोसम. पडदा, खांब, झुंबरं सगळं दिसतं आणि मुलाबाळांसह जाता येतं. वर सुळक्यांबद्दल लिहिलं ते इथेही लागू, पर्यटक अगदी खाली जाऊन उभे राहतात.

कठीण पर्याय लडाखमधला चादर ट्रेक : झांस्कर नदीच्या गोठलेल्या पात्रावरून चालणं, नेरकचा गोठलेला धबधबा बघणं. मोसम जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य. इथे थंडीइतकाच प्रश्न उंचीचा. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, लेह ३५०० वर, आणि विमान तुम्हाला एका सकाळीत तिथे नेऊन सोडतं. दोन-तीन दिवस लेहमध्ये नुसतं बसून काढा, वैद्यकीय तपासणी तर करावीच लागते. चादर मधेच तुटते, मग काठच्या दगडांवरून चढून जावं लागतं किंवा परत यावं लागतं. त्यासाठी एक-दोन दिवस मोकळे ठेवूनच तिकीट काढा.

रशियातल्या बैकालबद्दल काय मत? (वर्धा)

निव्वळ बर्फासाठी जायचं तर आमचं मत बैकालला. जगातलं सगळ्यांत खोल सरोवर, १६४२ मीटर, आणि ते दर हिवाळ्यात गोठतं. बर्फ मीटरभर जाड होतो आणि जागोजागी इतका पारदर्शक की खालचा काळोख दिसतो. ओल्खोन बेटाच्या कड्यांवर लाटांच्या तुषारांचे थर आणि गुहा असतात. फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य उत्तम. इर्कुत्स्कहून खुजिर गावात जायचं आणि स्थानिक चालकाच्या गाडीने बर्फावरून फिरायचं. मीटरभर बर्फालाही किलोमीटरच्या किलोमीटर लांब भेगा पडतात आणि त्यांच्या जागा रोज बदलतात, म्हणून स्वतः गाडी हाकायचा मोह नको. भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून मिळतो, प्रवासाचे सल्ले मात्र निघण्याआधी बघा.

मोबाइल आणि कॅमेरा चालतो का? (जरीपटका)

चालतो, बॅटरी पटकन उतरते. मोबाइल आतल्या खिशात, जादा बॅटऱ्या अंगालगत. बर्फाच्या पांढऱ्यामुळे फोटो करडे येतात, उजेड एक पायरी वाढवून घ्या. परत खोलीत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

खायला काय न्यावं? संत्री चालतील? (काटोल)

काटोलहून हा प्रश्न यायचाच. ताजी फळं अमेरिकेत नेऊ देत नाहीत. विमानतळावर काढून घेतात, आणि ती जाहीर केली नसतील तर दंडही होतो. तिकडच्या दुकानातून घ्या. बर्फावर गुळाची चिक्की आणि तिळाचे लाडू दगड होतात, दातांची काळजी असेल तर आतल्या खिशात ठेवा. खजूर आणि चिवडा बरा. चहा थर्मासमध्ये. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा : पाणी वरून गोठत येतं, उलट्या बाटलीत ते बुडाशी गोठेल आणि झाकण उघडं राहील.